मॅक्सएंट: खोल समुद्रातल्या प्रवाळांचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर, रोज वापरणारीच्या नजरेतून

खोल समुद्रात प्रवाळं आणि स्पंज कुठे असतील याचा नकाशा काढायचा म्हटलं की पहिलं नाव निघतं ते मॅक्सएंटचं. फुकट मिळतं, एका फाइलमध्ये मावतं, जावा असलेल्या कुठल्याही संगणकावर चालतं आणि ज्याला कोडची एक ओळ लिहिता येत नाही त्याच्याही हातात संध्याकाळपर्यंत नकाशा ठेवतं. मी ते बरीच वर्षं वापरते आहे आणि माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. कॅमेरा कुठे उतरवायचा हे ठरवायला याच्याइतकं गुणी अवजार मला दुसरं माहीत नाही. मासेमारीबंदीची रेषा कुठे ओढायची हे मात्र एकट्या याच्या नकाशावरून ठरवू नये.

आधी याची गरज का पडते ते बघू. दोनशे मीटरच्या खाली उजेड संपत जातो, प्रवाळं संपत नाहीत. उथळ पाण्यातल्या प्रवाळांना शैवालाची सोबत असते, तशी यांना नसते. वरून झिरपत येणारं अन्न आणि प्रवाहाबरोबर वाहत येणारे बारीक जीव यांवर ती जगतात आणि वाढतात अतिशय सावकाश. हवाईजवळच्या खोल पाण्यातल्या लिओपॅथीस या काळ्या प्रवाळाच्या एका वसाहतीचं वय रेडिओकार्बनने ४,२६५ वर्षं निघालं. तळ खरवडणारं ट्रॉल जाळं अशा ठिकाणावरून एकदा जरी गेलं, तरी मोडलेलं आपल्या नातवंडांच्या हयातीतही परत उभं राहत नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००६ साली ६१/१०५ क्रमांकाच्या ठरावात खुल्या समुद्रातल्या नाजूक परिसंस्था जपायला सांगितलं, आणि त्या जिथे असल्याचं माहीत आहे तेवढ्यावर न थांबता जिथे असण्याचा संभव आहे त्या जागाही त्यात धरल्या.

संभव सांगायचा तर कशाच्या जोरावर? २०२५ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या एका हिशोबाप्रमाणे खोल सागरतळाचा ०.००१ टक्क्याहूनही कमी भाग माणसाने कॅमेऱ्यातून किंवा पाणबुडीच्या खिडकीतून प्रत्यक्ष पाहिला आहे. त्यातलंही निम्म्याहून जास्त निरीक्षण अमेरिका, जपान आणि न्यूझीलंड या तीन देशांच्या किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांच्या आतलं. उरलेल्या तळाबद्दल अंदाज बांधण्यावाचून गत्यंतर नाही.

मॅक्सएंट हा अंदाज असा बांधतं. प्रजाती जिथे सापडली त्या ठिकाणांची यादी आणि सगळ्या परिसराचे पर्यावरणाचे लेअर (खोली, उतार, तापमान, क्षारता, ऑक्सिजन, कार्बनचा पुरवठा) तुम्ही त्याला देता. सापडलेल्या ठिकाणची परिस्थिती आणि एकूण परिसरातली परिस्थिती यांत काय फरक आहे ते ते शोधतं. मग नोंदींशी जुळणाऱ्या सगळ्या शक्य वाटण्यांमधून (प्रजाती परिसरात कुठे किती पसरली असेल त्या मांडण्यांमधून) सर्वांत कमी गृहीतं धरणारी, सर्वांत पसरट वाटणी निवडतं. स्टीव्हन फिलिप्स, मिरोस्लाव दुदिक आणि रॉबर्ट शापिरे यांनी २००४ च्या सुमारास ही पद्धत मांडली. फिलिप्स, शापिरे आणि रॉबर्ट अँडरसन यांचा २००६ चा निबंध आजही या क्षेत्रात सगळ्यांच्या टेबलावर असतो. २०१७ पासून सॉफ्टवेअरचा कोडही खुला आहे आणि ते अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं.

इथे गैरहजेरीच्या नोंदी लागत नाहीत, आणि खोल समुद्रासाठी हीच मोठी जमेची बाजू आहे. म्युझियमच्या बरणीतला नमुना, ट्रॉलच्या जाळ्यात अडकून आलेला तुकडा, रोव्हच्या (जहाजावरून चालवल्या जाणाऱ्या बिनमाणसी पाणबुडीच्या) व्हिडिओतली एक फ्रेम हे सगळं ‘इथे होतं’ एवढंच सांगतं. ‘इथे पाहिलं आणि नव्हतं’ असं लिहून ठेवणारा क्वचितच भेटतो.

चालवायला सोपं आहे, त्यावर फार शब्द घालवत नाही. डाव्या बाजूला नोंदींची सीएसव्ही फाइल, उजव्या बाजूला लेअरचा फोल्डर, खाली रिस्पॉन्स कर्व्ह (एकेक घटक बदलला की अनुकूलता कशी बदलते त्याची वक्ररेषा), चित्रं आणि जॅकनाइफ (एकेक घटक वगळून त्याचं वजन तपासणं) यांच्यासाठी टिकमार्क, आणि रन. खरं काम त्याच्या आधीचं. सगळे लेअर एकाच मापाचे हवेत: तीच चौकट, तोच पिक्सेल, तेच कोपरे. एका लेअरची एक ओळ जास्त असली तरी प्रोग्रॅम पुढे सरकत नाही. नवख्यांना याचा वैताग येतो, पण मला ही कडक शिस्त आवडते. तापमानाचा पिक्सेल खोलीच्या पिक्सेलवर अर्धा सरकलेला असताना गुपचूप नकाशा काढून देणारी इतर साधनं मी पाहिली आहेत. मोठ्या परिसरासाठी जावाला दिलेली मेमरी मात्र वाढवून घ्या, नाहीतर मध्येच दम तोडतं.

काम संपलं की एक वेबपान उघडतं. त्यात रंगीत नकाशा असतो, लाल-पिवळे भाग म्हणजे अनुकूल, निळे म्हणजे प्रतिकूल. सगळ्यांची नजर आधी तिथेच जाते. मी तो भाग खाली सरकवून थेट रिस्पॉन्स कर्व्हवर जाते आणि नकाशा सगळ्यांत शेवटी बघते. या सॉफ्टवेअरमधली सगळ्यांत मोलाची गोष्ट ही वक्ररेषांची पानं आहेत असं माझं ठाम मत आहे, आणि तीच सगळ्यांत कमी वाचली जातात.

लोफेलिया या खडक बांधणाऱ्या प्रवाळाचं उदाहरण घ्या. आता तिला डेस्मोफायलम पर्टूसम म्हणतात, पण जुन्या नोंदी लोफेलियाच्याच नावावर आहेत. ईशान्य अटलांटिकमधल्या नोंदींवर मॉडेल चालवलं की खोलीची वक्ररेषा टेकडीसारखी येते: दोनशे मीटरपासून चढते, मधे माथा, हजाराच्या पुढे उतरते. दिसायला पटते. पण मॅक्सएंट प्रत्येक घटकाच्या दोन रेषा देतं. पहिली, बाकीचे घटक सरासरीवर धरून. दुसरी, फक्त त्या एका घटकावर मॉडेल उभारून. या दोन्ही शेजारी ठेवा. खोलीच्या दुसऱ्या रेषेत ठळक टेकडी आणि पहिलीत जवळजवळ सपाट पट्टी दिसली, तर त्याचा अर्थ असा की खोली स्वतः काही ठरवत नाही. तिच्याबरोबर बदलणारं दुसरं काहीतरी ठरवतं आहे. आणि इथे ते खरंच आहे. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम फ्योर्डमध्ये हीच प्रजाती ३९ मीटरवर जिवंत आहे. २००८ साली संशोधकांनी दाखवलं की केल्टिक आणि नॉर्वेच्या किनाऱ्यांवरचे जिवंत प्रवाळखडक पाण्याच्या एका अरुंद घनतापट्ट्यात बसतात, सिग्मा-थीटा या घनतेच्या मापात २७.३५ ते २७.६५. घनतेच्या सीमेवर अन्नाचे कण साचतात, अंतर्गत लाटा तिथे घुसळण करतात, आणि प्रवाळाला जे हवं ते तिथे मिळतं. घनतेचा लेअर घातला की खोलीची टेकडी कशी विरघळते हे मॉडेलमध्ये डोळ्यांनी बघता येतं. त्या क्षणी हे सॉफ्टवेअर नकाशाच्या पलीकडे जाऊन जीवशास्त्र शिकवायला लागतं.

उलटही होतं. एखादी रेषा करवतीच्या दात्यांसारखी वरखाली जाते: ५.१ अंशाला उंच, ५.४ ला खाली, ५.८ ला परत उंच. कुठल्याही प्रवाळाला पाव अंशाचे असे नखरे नसतात. ते मॉडेल नोंदी पाठ करतं आहे. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन रेग्युलरायझेशनचा (मॉडेलला नोंदी पाठ करण्यापासून आवरणारा) गुणक १ वरून २ किंवा ३ करा, फक्त लिनिअर आणि क्वाड्रॅटिक फीचर (सरळ आणि एकाच बाकाच्या साध्या रेषा) ठेवा, रेषा शांत होते. डिफॉल्टवर चालवून तसाच छापलेला नकाशा दिसला की मी आधी हीच रेषा मागते.

आता बॅकग्राउंडकडे वळते. हा विषय किचकट आहे, पण निकाल इथेच लागतो. मॅक्सएंट परिसरातून यादृच्छिक १०,००० ठिकाणं उचलतं आणि त्यांना ‘एकूण परिस्थिती’ मानतं. यात गृहीत असं की नोंदी परिसरभर सारख्या प्रमाणात गोळा झाल्या आहेत. खोल समुद्रात हे कधीच खरं नसतं. जहाज जिथे गेलं, जिथे दरी देखणी होती, जिथे मासेमारीचा सर्वेक्षण-मार्ग होता, जिथे आधीच्या मोहिमेत काहीतरी सापडलं होतं, नोंदी तिथल्याच. मग मॉडेल प्रवाळाची आवड शिकतं की जहाजाच्या कप्तानाची? उपाय माहीत आहे आणि २००९ पासून प्रसिद्धही आहे: बॅकग्राउंडची ठिकाणंही तिथूनच घ्या जिथे त्याच साधनांनी शोध झाला. रोव्हच्या नोंदी असतील तर त्या मोहिमांनी पाहिलेल्या सगळ्या तळाचे पिक्सेल, ट्रॉलच्या नोंदी असतील तर सगळ्या ट्रॉलचे मार्ग. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी बायस फाइल देण्याची सोय आहे, सेटिंगच्या आतल्या पानावर, एका छोट्या चौकोनात. इतकी महत्त्वाची सोय इतकी आत का ठेवली आहे हे मला आजवर पटलेलं नाही.

याचाच दुसरा परिणाम एयूसीवर, म्हणजे मॉडेल हजेरीची ठिकाणं बाकीच्या ठिकाणांपासून किती चांगली ओळखतं त्या गुणांवर होतो. हा आकडा ०.५ च्या आसपास असेल तर मॉडेलला काही कळत नाही, १ च्या जवळ असेल तर उत्तम, असं सगळे वाचतात. प्रत्यक्षात परिसर जेवढा मोठा घ्याल तेवढा एयूसी फुगतो. खंडाच्या उतारावरच्या प्रवाळाच्या मॉडेलमध्ये पाच हजार मीटर खोल चिखलाचं मैदान घुसवा. मॉडेल तिथे ‘नाही’ म्हणेल, ते बरोबरच असेल, आणि आकडा ०.९८ वर जाईल. पण चिखलात हे प्रवाळ नसतं हे आधीच माहीत होतं. दरीच्या दोन भिंतींपैकी कुठल्या भिंतीवर आहे हा खरा प्रश्न, आणि त्यावर ०.९८ काहीच बोलत नाही. म्हणून नोंदी यादृच्छिक वाटून चाचणी घेण्याऐवजी भूभागाचे तुकडे पाडा, एक तुकडा पूर्ण बाजूला ठेवा आणि त्यावर मॉडेल पारखा. एकाच डाइव्हमधल्या दोन शेजारच्या फ्रेमपैकी एकीवर शिकवून दुसरीवर परीक्षा घेणं ही परीक्षा नव्हेच. तुकडे पाडण्याची सोय या प्रोग्रॅममध्ये नाही. त्यासाठी आर या संगणकभाषेतली पॅकेजेस लागतात.

आणि तळाचा नकाशा. सगळ्या सागरतळाचा नकाशा काढणाऱ्या सीबेड २०३० प्रकल्पाच्या जून २०२५ च्या आकड्यानुसार जगातल्या सागरतळाचा २७.३ टक्के भाग आधुनिक मापनाने मोजला गेला आहे. उरलेला तळ उपग्रहांनी मोजलेल्या गुरुत्वाच्या फरकावरून काढलेला. गेब्को या जागतिक खोली-नकाशाची जाळी १५ सेकंदांची (अंशाच्या २४० व्या भागाची), विषुववृत्तावर साधारण ४५० मीटरचा एक पिक्सेल. स्क्रीनवर सगळे पिक्सेल सारखेच खात्रीशीर दिसतात. पण गेब्को त्याच जाळीबरोबर दुसरी एक जाळी देतं, टीआयडी नावाची, आणि त्यात प्रत्येक पिक्सेल मोजलेला आहे की अंदाजाने भरलेला हे आकड्यात लिहिलेलं असतं. उतार किंवा खडबडीतपणाचा लेअर काढण्याआधी ती जाळी उघडून बघितलीच पाहिजे. गुरुत्वावरून काढलेल्या तळाला उतार असतो, पण कडा नसतात. प्रवाळं कड्यांवर राहतात.

हे फक्त कागदोपत्री बोलणं नाही, याची समुद्रात परीक्षा झाली आहे. न्यूझीलंडच्या पूर्वेला चार हजार किलोमीटरहून लांब पसरलेली लुईव्हिल नावाची सागरी डोंगरांची रांग आहे. दक्षिण पॅसिफिकच्या मोठ्या पट्ट्यासाठी तयार केलेल्या मॉडेलांनी तिथे सोलेनोस्मिलिया या खडक बांधणाऱ्या प्रवाळाला अनुकूल जागा दाखवल्या होत्या. त्या मॉडेलांत मॅक्सएंटही होतं. २०१४ साली संशोधक जहाज आणि कॅमेरे घेऊन तिथे गेले आणि अंदाज बराच चुकीचा निघाला. २०१६ मध्ये त्यांनी तो निकाल कारणांसकट छापला: जागतिक खोलीचा डेटा ढोबळ होता, गैरहजेरीच्या खऱ्या नोंदी नव्हत्या. आपल्याच मॉडेलचा असा निकाल छापायला मोठं मन लागतं आणि माझ्या मते या विषयातला तो सर्वांत उपयोगी निबंध आहे. पुढे त्याच डोंगरांवर मल्टीबीम सोनारच्या (एका वेळी तळाचा रुंद पट्टा ध्वनीने मोजणाऱ्या यंत्राच्या) बारीक नकाशावरून नवी मॉडेल केली, तेव्हा प्रवाळांची दाटी डोंगराच्या फारच लहान भागात आहे असं दिसलं. एक किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये अख्खा माथा लाल दिसतो. त्या लालीच्या पोटात जिवंत दाटीचा तुकडा मूठभर असतो. पिक्सेल अनुकूल असणं आणि त्यात प्रवाळ असणं यातलं हे अंतर आहे.

दुसरं उदाहरण याच सॉफ्टवेअरच्या बाजूने. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यासमोर खंडाच्या उतारात खोल दऱ्या कापलेल्या आहेत. तिथल्या प्रवाळांसाठी नोआ या अमेरिकेच्या सरकारी सागर-हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मॅक्सएंटवर मॉडेल उभं केलं. २०१२ च्या उन्हाळ्यात हेन्री बी. बिगेलो हे जहाज ओढता कॅमेरा घेऊन त्या दऱ्यांमध्ये गेलं. मॉडेलने बोट दाखवलं होतं तिथे कॅमेऱ्याला प्रवाळं दिसली. त्याच्यापुढची पायरी मला जास्त आवडते. मॉडेलचा नकाशा, कॅमेऱ्याच्या नोंदी आणि तीव्र उताराचे पट्टे एकत्र ठेवून मच्छीमार, शास्त्रज्ञ आणि पर्यावरण संघटनांचे लोक २०१५ मध्ये एका टेबलाशी बसले आणि दऱ्यांच्या हद्दी रेषेरेषेने ठरवल्या. त्यातून फ्रँक आर. लॉटेनबर्ग यांच्या नावाचं संरक्षित क्षेत्र झालं, सुमारे ३८,००० चौरस मैलांचं. नियम २०१६ च्या डिसेंबरात निघाला, पुढच्या महिन्यात लागू झाला. एकच सॉफ्टवेअर, एकच गणित. एकीकडे दऱ्यांचा तळ बऱ्यापैकी मोजलेला होता आणि मॉडेलनंतर माणसं समुद्रात गेली, मगच रेषा ओढली. दुसरीकडे एका अफाट प्रदेशावर ढोबळ खोली अंथरली होती.

जागतिक पातळीचे तयार नकाशेही मिळतात. डेव्हिस आणि गिनॉट यांनी २०११ मध्ये खडक बांधणाऱ्या पाच प्रवाळांसाठी ३० सेकंदांच्या म्हणजे साधारण एक किलोमीटरच्या जाळीवर मॅक्सएंटचे नकाशे काढले, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी अष्टभुज प्रवाळांचे आले. जगभरच्या चर्चेसाठी, कुठल्या समुद्रात आधी पैसा घालायचा हे ठरवण्यासाठी ते अजूनही कामाचे आहेत. त्यांचा एखादा कोपरा मोठा करून स्थानिक हद्द ठरवायला मात्र घेऊ नका. ते त्यासाठी काढलेच नव्हते.

स्पंजांचं वेगळं दुखणं आहे. व्हिडिओत दिसलेल्या स्पंजाची प्रजाती ओळखणं फार कठीण, त्यामुळे नोंदींत ढिगाने नुसतं ‘पोरिफेरा’ लिहिलेलं असतं. काचस्पंज, गाठीसारखे जिओडिया, खडकाला चिकटलेली पातळ खपली हे सगळं एका नावाखाली मॉडेलमध्ये गेलं की उत्तर येतं ‘सगळीकडे थोडंथोडं’. एखादा वंश किंवा एखादी प्रजाती वेगळी काढता आली तरच मॉडेल करावं. ब्रिटिश कोलंबियासमोरच्या हेकेट सामुद्रधुनीत १९८७ मध्ये काचस्पंजांनी बांधलेले प्रचंड खडक सापडले. असे खडक फक्त जीवाश्मात उरलेत असं तोवर मानलं जायचं, आणि हे तर सुमारे ९,००० वर्षं वाढत आलेले. त्यांचा पाया हिमयुगातल्या हिमनगांनी तळावर ओढलेल्या चरांच्या काठांवर आहे. त्या चरांचा मागमूस साडेचारशे मीटरच्या पिक्सेलमध्ये लागत नाही, आणि पाण्यात विरघळलेल्या सिलिकाचा लेअर कितीही चांगला असला तरी तो चर दाखवणार नाही. कॅनडाने २०१७ मध्ये तिथे संरक्षित क्षेत्र केलं, ते सोनार आणि प्रत्यक्ष पाहणीच्या बळावर उभं आहे.

नोंदी कुठून आणाव्यात असं विद्यार्थी विचारतात. नोआचं खोल समुद्रातल्या प्रवाळ-स्पंजांचं डेटा पोर्टल उत्तम आहे, लाखो नोंदी कुणालाही उतरवून घेता येतात. पण उतरवल्यावर आधी दोन रकाने बघा: नमुना कुठल्या साधनाने घेतला, आणि जागेची अचूकता किती. ट्रॉलची नोंद म्हणजे काही किलोमीटर ओढलेल्या जाळ्याचा एक बिंदू. प्रवाळ त्या रेषेत कुठे अडकलं कुणालाच ठाऊक नसतं. जागेची चूक पाच किलोमीटरची आणि उताराचा पिक्सेल शंभर मीटरचा असेल तर मॉडेल शेजारच्या चिखलाचा उतार शिकतं. नोंद जिवंत प्रवाळाची की मेलेल्या सांगाड्याची, हेही तपासा. सांगाडा हजारो वर्षं टिकतो. त्याच्यावर शिकलेलं मॉडेल जुन्या समुद्राचा नकाशा काढतं.

एक तक्रार सॉफ्टवेअरची नाही, ते वापरणाऱ्यांची आहे. एका सल्लागार संस्थेचा अहवाल माझ्याकडे तपासायला आला होता. त्यात मॅक्सएंटचा नकाशा दोन रंगांत रंगवला होता, हिरवा म्हणजे प्रवाळ आहे, पांढरा म्हणजे नाही. शून्य ते एकच्या आकड्याचे हो-नाही असे दोन भाग कुठल्या उंबरठ्यावर पाडले, हे पूर्ण अहवालात कुठेही लिहिलेलं नव्हतं. प्रोग्रॅम निकालाच्या पानावर वेगवेगळ्या उंबरठ्यांचा तक्ता देतो, आणि त्यातला कुठला निवडला यावर हिरवा भाग दुप्पट होऊ शकतो किंवा निम्मा. त्या पांढऱ्या भागात ट्रॉलिंगला हरकत नाही असा निष्कर्ष शेवटच्या पानावर होता. मी तो अहवाल परत पाठवला. पांढरा म्हणजे ‘इथे नाही’ असं हे गणित कधीच म्हणत नाही. नव्या आवृत्तीत क्लॉगलॉग नावाचं आउटपुट डिफॉल्ट आहे आणि ते संभाव्यतेसारखं दिसतं, पण केवळ हजेरीच्या नोंदींवरून खरी संभाव्यता काढता येत नाही, त्यामागे गृहीतं असतात. नकाशा पुढे देणाऱ्याने हे एका वाक्यात तरी लिहायलाच हवं.

भविष्यातल्या समुद्रासाठीही हेच सॉफ्टवेअर वापरलं जातं, आणि तिथे जपून राहावं लागतं. गिनॉट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की खडक बांधणाऱ्या प्रवाळांची ९५ टक्क्यांहून जास्त ज्ञात ठिकाणं ॲरागोनाइटने (प्रवाळांचा सांगाडा ज्या चुनखनिजाचा असतो त्याने) संपृक्त पाण्यात आहेत आणि २०९९ पर्यंत त्यांतली सुमारे ७० टक्के त्या पाण्याबाहेर जातील. असं पाणी मॉडेलने शिकताना पाहिलेलंच नसतं. मॅक्सएंट अशा वेळी ‘क्लॅम्पिंग’ करतं, म्हणजे आकडा शिकलेल्या मर्यादेबाहेर गेला की त्याला मर्यादेवरच धरून ठेवतं. हे कुठे कुठे घडलं त्याचा वेगळा नकाशाही देतं. तो नकाशा मुख्य नकाशाइतकाच मोठा छापा, असं मी प्रत्येकाला सांगते.

तुमच्याकडे कॅमेऱ्याचे ट्रान्सेक्ट (ठरलेल्या रेषेवरून केलेलं चित्रण) असतील आणि ‘पाहिलं, नव्हतं’ अशा नोंदी असतील, तर मॅक्सएंट बाजूला ठेवा. रँडम फॉरेस्ट, बूस्टेड रिग्रेशन ट्री किंवा गॅम या पद्धती गैरहजेरीचा फायदा घेतात. ट्रॉल सर्वेक्षणांच्या जोरावर ॲल्यूशियन बेटांजवळ आणि कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यासमोर त्यांनी चांगलं काम दिलं आहे. कधी मॉडेलचीही गरज नसते. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यासमोरच्या ब्लेक पठारावर मल्टीबीमचा नकाशा पूर्ण झाल्यावर प्रवाळ-उंचवट्यांची ८३,९०८ शिखरं थेट तळाच्या आकारावरून मोजली गेली. २०२४ मध्ये तो निबंध आला. पण तसा सोनार जगभर फिरायला अजून वेळ आहे, आणि तोवर नुसत्या हजेरीच्या नोंदींवर काम करणाऱ्यांना मॅक्सएंट लागणारच. आर वापरत असाल तर मॅक्सनेट पॅकेज घ्या, तेच गणित, जावाची कटकट नाही.

पुढच्या आवृत्तीत मला दोन गोष्टी हव्या आहेत. बायस फाइलची चौकट सेटिंगच्या पोटातून काढून पहिल्या खिडकीत, नोंदींच्या फाइलच्या अगदी खाली आणा, आणि ती रिकामी असेल तर रन दाबताना एकदा विचारा. आणि निकालाच्या पानावर रंगीत नकाशाच्या शेजारी दुसरा एक नकाशा द्या, प्रत्येक पिक्सेलपासून सर्वांत जवळची खरी नोंद किती किलोमीटरवर आहे हे दाखवणारा. लाल पिक्सेल नोंदीपासून दोन किलोमीटरवर आहे की आठशे, हे हद्द ठरवणाऱ्या माणसाला पहिल्या नजरेत दिसलं पाहिजे. तोवर तो नकाशा मी स्वतः जीआयएसमध्ये (नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये) काढून अहवालाच्या पहिल्या पानावर लावते. काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत.